११० पाउंडांचं धनुष्य आणि रात्री ठणकणारा खांदा

काका, सादर नमस्कार.

मी २२ वर्षांचा, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. तालमीत आणि मर्दानी खेळाच्या आखाड्यातच वाढलो. लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) फिरवतो, जोर-बैठका कधी चुकत नाहीत. दोन वर्षं अकादमीत आर्चरी केली, मग जुन्या पद्धतीच्या धनुष्याचा नाद लागला. आधी ५० पाउंडांचं घेतलं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, आणि थंब रिंग (अंगठ्यातली कडी) घालून अंगठ्यानं ओढायला शिकलो. ते हलकं वाटायला लागलं म्हणून यंदा ७५ चं घेतलं, आणि साठवलेल्या पैशातून ११० चंही मागवून ठेवलंय. जुने योद्धे शंभराच्या वरचंच वापरायचे ना? ७५ चं ओढतो, पण कानापर्यंत येत नाही, हनुवटीपाशीच बाण सुटतो. ११० तर अर्धंही येत नाही. आमच्या तालमीतला ९५ किलोचा पैलवानही त्यापुढं हरला. धाकटी पोरंही रोज ओढून बघतात. बाण अकादमीतलेच, कार्बनचे वापरतो. महिना-दीड महिना झाला, डावा खांदा दुखतोय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मालीश केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. वैशाखातल्या शिवजयंतीला पेठेत ११० चं धनुष्य ओढून बाण मारून दाखवायचा, असं मंडळात ठरलंय. अजून तीन महिने आहेत. जमेल का? ताकद वाढवायला काय करू?

— एक तिरंदाज, शिवाजी पेठ

प्रिय तिरंदाजा,

तुझा प्रश्न ताकदीचा आहे, पण मी सुरुवात बाणांपासून करतो, कारण पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलायस. अकादमीतले कार्बनचे बाण ७५ च्या धनुष्यावर लावणं आजच्या आज बंद कर. ते बाण स्पर्धेच्या हलक्या धनुष्यासाठी निवडलेले असतात, वजनाला कमी आणि दांडीला मऊ. दोरी सुटते तेव्हा बाण आधी वाकतो आणि मग सरळ होत पुढं जातो. मऊ दांडीवर दुप्पट जोर आला की ती वाकता वाकता फुटते, आणि कार्बन फुटतो तेव्हा त्याच्या लांब, धारदार चिरफळ्या होतात. त्या घुसतात कुठं, तर धनुष्य धरलेल्या हातात, अंगठ्याच्या बुडाशी. शिवाय बाण फार हलका असला की धनुष्यातली ऊर्जा त्याच्याबरोबर निघून जात नाही, ती धनुष्याच्या पात्यांमध्येच (मुठीच्या वर-खालच्या लवणाऱ्या भागांत) उरते आणि पाती हादरतात. रिकामी दोरी सोडली की धनुष्य ज्या कारणानं तडकतं, तेच कारण इथं प्रत्येक बाणाला थोडं थोडं काम करत असतं.

पारंपरिक धनुष्याला साधा ठोकताळा आहे. दर पाउंडामागे १० ग्रेन वजनाचा बाण, म्हणजे पाउंडाला साधारण ०.६५ ग्रॅम. ५० च्या धनुष्याला ३२ ग्रॅम, ७५ च्या धनुष्याला ४९ ग्रॅम आणि ११० च्या धनुष्याला ७१ ग्रॅम. गुजरीत कुणी ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर तुझा एक बाण ठेवून बघ. विशी-पंचविशीतल्या ग्रॅमांत भरला तर तो ७५ च्या धनुष्याचा नव्हे, हे वेगळं सांगायला नको. वजन जुळलं की दांडीचा ताठपणाही धनुष्य बनवणाऱ्याकडून विचारून घ्यायचा. जड धनुष्यासाठी लाकडाचे किंवा बांबूचे जाड बाण घे, आणि प्रत्येक वेळी लावण्याआधी हातानं किंचित वाकवून, कानाशी धरून, कुठं तडा गेल्याचा आवाज येतो का ते बघ.

आता खांदा. मी डॉक्टर नाही, पण तुझ्यासारखी लक्षणं घेऊन येणारी मुलं मी पाहतो आणि त्यांना एकच सांगतो. दुखरा खांदा घेऊन धनुष्याला हात लावायचा नाही. खांद्याच्या वरच्या टोकाला हाडाचं एक छप्पर असतं आणि त्याच्याखालून रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा जागेवर धरणाऱ्या, स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) जाते. हात वर उचलताना खांदाही कानाकडं चढला की ती फट अरुंद होते आणि कंडरा हाडाखाली चेमटते. त्या कुशीवर झोपल्यावर ठणकणं हे त्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखव किंवा ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडं जा, आणि ते सांगतील तो फिजिओथेरपीचा व्यायाम नीट पूर्ण कर. तोवर फक्त धनुष्यच नाही, जोरही बंद ठेव, कारण जोर मारताना खाली जातोस तेव्हा त्याच कंडरेवर भार येतो. मालीश करणाऱ्याला खांद्यात अंगठा रुतवू देऊ नको. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या भरात तू दुसऱ्या दिवशी पुन्हा धनुष्य ओढतोस, हीच त्यातली मेख. हात उचलताच येईना, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शिवजयंतीपर्यंत ११० जमेल का? नाही जमणार. तीन महिन्यांत नाही आणि वर्षातही नाही. आधीच पुढचं दिसावं म्हणून इतकं सरळ लिहितोय, तुझी उमेद मोडायला नव्हे. तुझी हौस मला मनापासून आवडली. आपल्या भागात दांडपट्टा टिकला, लाठी टिकली, पण धनुष्य हातातून गेलं, आणि पेठेतला एक पोरगा ते परत उचलू बघतोय ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच तुझा खांदा बावीसाव्या वर्षी निकामी झालेला मला चालणार नाही.

तू स्वतः किती ओढतोयस, हेच बहुधा तुला माहीत नाही. धनुष्यावर लिहिलेला आकडा साधारणपणे २८ इंचांच्या ओढीचा असतो. अंगठ्यानं कानामागं ओढणाऱ्याची ओढ ३१-३२ इंचांपर्यंत जाते. ५० च्या धनुष्यात प्रत्येक जादा इंचाला अडीच-तीन पाउंड वाढतात, जड धनुष्यात त्याहून जास्त. म्हणजे तुझं ७५ चं धनुष्य कानापर्यंत आणलं तर ८५ च्या घरात जातं, आणि ११० चं १२० च्या पुढं. ११० पाउंड म्हणजेच ५० किलो, कारखान्यातून निघणारं साखरेचं भरलेलं पोतं. तेवढा भार एका अंगठ्यावर आणि दोन खांद्यांच्या मधे धरायचा, आणि तो धरून वर नेमही साधायचा. कंपाउंड धनुष्यात शेवटी चाक फिरतं आणि हातावरचा भार निम्म्याहूनही खाली येतो. पारंपरिक धनुष्यात तशी सवलत नाही, शेवटच्या इंचाला भार सगळ्यात जास्त असतो.

आता एक हिशेब मांडतो, तो वहीत लिहून ठेव. धनुष्यात ऊर्जा साठते ती फक्त ताणामुळं नाही, तर ताण आणि दोरी किती मागं आली या दोन्हींमुळं. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून साधारण ७ इंचांवर असते. ७५ चं धनुष्य तू हनुवटीपाशी, समज २५ इंचांवर सोडतोस. तिथं ताण ६५ पाउंडांच्या आसपास आणि दोरी मागं आली १८ इंच. ५० चंच धनुष्य कानापर्यंत, ३१ इंचांवर नेलंस तर ताण ५७-५८ पाउंड आणि दोरी मागं आली २४ इंच. दोन्हीकडचे गुणाकार करून निम्मे कर, ढोबळ मानानं ऊर्जा कळते. पहिलीकडं ५८५, दुसरीकडं ६९०. म्हणजे जे धनुष्य तुला हलकं वाटायला लागलं, तेच पूर्ण ओढलंस तर ते तुझ्या आजच्या ७५ पेक्षा जास्त ऊर्जा साठवतं, आणि खांद्यावर ताणही कमी पडतो. तू पुढच्या पायरीवर चढलेलाच नाहीस रे, ५० चं नीट संपवण्याआधीच खाली घसरलास.

हुकाचा डिजिटल काटा हल्ली कुठंही मिळतो. दोरीला हुक अडकव, बाणावर इंचांच्या खुणा कर, आणि कुणाला तरी आकडे टिपायला लाव. २५, २८, ३१ इंचांवर प्रत्येक धनुष्याचा खरा ताण लिहून काढ. इथून पुढं ओढीशिवाय आकडा बोलायचा नाही.

जुने योद्धे शंभराच्या वरचंच वापरायचे का, तर काही नक्की वापरायचे. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं ‘मेरी रोज’ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यावर शंभराहून अधिक अखंड धनुष्यं मिळाली, आणि अभ्यासकांनी त्यांचा ताण सुमारे १०० ते १८५ पाउंड काढलाय. तुझ्यासारख्या पोरांना ही अर्धी गोष्ट पाठ असते. उरलेली अर्धी अशी की त्याच जहाजावर सापडलेल्या खलाशी-सैनिकांच्या सांगाड्यांत, नेहमीच्या माणसांपेक्षा बऱ्याच जास्त जणांच्या खांद्याचं ते वरचं टोक, ज्याला मी मघाशी छप्पर म्हटलं, फऱ्याच्या हाडाशी जोडलंच गेलेलं नव्हतं. ते टोक विशीच्या सुरुवातीपर्यंत जुळत असतं. पोरवयापासून जड धनुष्य ओढल्यानं ते जुळायचं राहिलं असावं, असं संशोधकांना वाटतं. तुझं वय २२ आहे, आणि तालमीतल्या धाकट्या पोरांचं त्याहून कमी. ११० चं धनुष्य त्यांच्या हाताला लागेल असं आजपासून ठेवू नको. ओढून बघण्याच्या पैजा तर बंदच.

त्याच काळातला लॅटिमर नावाचा एक इंग्लिश धर्मगुरू होता, शेतकऱ्याचा मुलगा. १५४९ मध्ये राजासमोरच्या प्रवचनात त्यानं आपल्या लहानपणाबद्दल सांगितलं होतं. वडील त्याला वयाप्रमाणं आणि अंगातल्या ताकदीप्रमाणं धनुष्य घेऊन द्यायचे, तो वाढेल तसं धनुष्यही वाढत जायचं. आणि ओढायला शिकवलं ते हातांच्या जोरावर नाही, अंग धनुष्यात घालून. तुमच्या पैलवानाचा हिशेब इथंच चुकला. कुस्तीत खेच छातीपर्यंत येते, पुढं माणूस धरलेला असतो. धनुष्यात छातीपर्यंतची ओढ ही निम्मी झाली. त्यापुढचे सात-आठ इंच दंडानं येतच नाहीत, ते पाठीतून, फऱ्यानं मागं न्यावे लागतात. त्या कोनात पैलवानाच्या पाठीला कधी कामच पडलेलं नसतं. ९५ किलो वजन आणि तेवढी मान असलेला माणूस तिथं अडतो यात त्याची काही कमी नाही, आणि तूही त्याच ठिकाणी अडलायस.

चीनमध्ये छिंग राजवटीच्या सैनिकी परीक्षेत ८०, १०० आणि १२० जिनांची ताकदीची धनुष्यं उमेदवारांना ओढायला लावत. जिन म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, तेव्हा १२० चं धनुष्य ७२ किलोंच्या आसपास गेलं. पण ती धनुष्यं फक्त ओढून दाखवायची, बाण मारायचे ते वेगळ्या, हलक्या धनुष्यानं. १९०१ मध्ये ती परीक्षा बंद होईपर्यंत ही पद्धत होती. ज्यांचं सगळं आयुष्य धनुष्यावर गेलं त्यांनीही ओढणं आणि मारणं वेगळं ठेवलं होतं. मंडळातल्या मंडळींना एवढंच समजावलंस तरी पुष्कळ झालं.

आणि आपल्याकडचं साधन तर तुझ्या शाळेच्या मैदानातच होतं. लेझीम. तिची सुरुवातच धनुर्धराच्या व्यायामाची, लाकडी धनुकलीला दोरीच्या जागी लोखंडी साखळी. इराणच्या जोरखान्यांत (तिथल्या तालमींत) आजही साखळीचं जड लोखंडी धनुष्य दोन्ही हातांनी डोक्यावर धरून डावीकडून उजवीकडं नेतात. दोन्ही फरे सारखेच राबतात. तुर्की तिरंदाज नव्या मुलाला आधी बाण न देता मऊ सरावाचं धनुष्य देत आणि त्यावर ओढ पक्की झाली की मगच पुढचं हातात ठेवत. कुठल्याही देशात ही विद्या घाईत शिकवलेली मला आढळली नाही.

डॉक्टरांनी मोकळं केलं की ५० चं धनुष्य घे आणि मोबाईल तुझ्या पाठीमागं, डोक्याच्या उंचीवर लाव. अंगात सदरा नको. बाण लाव, समोर जाड मारा (बाण रुतायचं लक्ष्य) असू दे, आणि पूर्ण ओढ. नंतर चित्रफीत हळू करून बघ. बहुधा असं दिसेल. दोरी अर्ध्यावर आली की डावा खांदा कानाकडं चढतो, डावा फरा कण्याकडं सरकून त्याची कड पाठीतून बाहेर डोकावते, कोपर किंचित वाकतं, आणि मान पुढं जाऊन दोरीला भेटते. म्हणजे हात मागं येत नाही, तोंड पुढं जातंय. डाव्या खांद्याच्या दुखण्याचं मूळ त्या चढलेल्या खांद्यात आहे.

दुरुस्ती ओढण्याच्या आधीच करायची. धनुष्य कमरेच्या उंचीवर असताना डावा खांदा खाली दाब, कानापासून लांब ने, आणि तळहात निशाणाकडं रेटतोयस असा रेट. फरा बरगड्यांवर सपाट बसल्याचं जाणवेल. तो तिथून हलवायचा नाही, धनुष्य त्यानंतर उचलायचं. मग दोन्हीकडून एकदम. डावा हात पुढं, उजवं कोपर मागं आणि पाठीच्या बाजूनं वळत, मधे छाती उघडत जाते. उजवा दंड फुगून थरथरायला लागला तर तू अजून हातानंच ओढतोयस असं समज. ओढ पुरी झाल्यावर मागचा हात कोपरापर्यंत बाणाच्या रेषेत आलेला असतो, आणि त्या जागी भार हाडांवर आणि पाठीवर बसतो. जड धनुष्य फार वेळ धरून ठेवायचं नसतं, पण सुटण्याआधी क्षणभर तरी ते तुझ्या ताब्यात असलं पाहिजे. हातातून निसटलेला बाण हा मारलेला बाण नव्हे. थंब रिंग अंगठ्याच्या पेरावर नीट बसलेली हवी, आणि तर्जनी नखाच्या टोकावर दाबू नको, नखाच्या बुडाशी कुलूप लाव. अंगठा बधिर व्हायला लागला तर रिंगचं माप चुकलंय.

ही ओढ ५० वर साठ बाण टिकली, आणि साठावा बाण पहिल्यासारखाच कानापर्यंत आला, तर पुढचं धनुष्य ५५ चं. त्यापुढं ६०. ८० पर्यंत एका वेळी पाचाच्या वर उडी मारायची नाही. एका पायरीला काही महिने जातात. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि माणूस फसतो तो या दोहोंच्या मधल्या काळात. ताकद आल्यासारखी वाटते, पण धरून ठेवणारा दोर अजून कच्चा असतो. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस मोकळा. आधी हलक्या धनुष्यावर अंग गरम, मग चढत्या धनुष्यावर वीस-पंचवीस बाण, आणि पुन्हा हलक्यावर येऊन थांबायचं. ज्या दिवशी कुस्तीचा किंवा पट्ट्याचा जोरकस सराव झालाय, त्या दिवशी जड धनुष्य नाही. डाव्या हातानंही सरावाच्या दिवशी थोडं हलकं धनुष्य ओढ, म्हणजे पाठ एकाच बाजूला वाढणार नाही.

ताकदीसाठी विचारलंस म्हणून सांगतो, जोर-बैठकांत तू कमी नाहीस, तुला खेचण्याचे व्यायाम कमी पडलेत. दोरावर चढणं उत्तम, पण चढताना खांदे कानाशी जाऊ द्यायचे नाहीत. आडव्या बांबूला खाली लटकून छाती बांबूला लावणं, रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीसमोर ताणणं, भिंतीला तळहात लावून कोपर न वाकवता फक्त फरे पुढं ढकलणं, हे सगळं रोज. मुद्गल हलका घे आणि सावकाश फिरव. फिजिओथेरपिस्टनं दिलेला छोटा, कंटाळवाणा व्यायाम यापैकी कशासाठीही सोडायचा नाही.

दोरी चढवण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि मला त्याची काळजी वाटते. द्रौपदीच्या स्वयंवरात बहुतेक राजे धनुष्य वाकवून दोरी चढवतानाच हरतात, नेमापर्यंत पोचतच नाहीत. आजही जड धनुष्य हातातून निसटतं ते याच वेळी, आणि निसटलेलं पातं थेट तोंडावर येतं किंवा जागच्या जागी पिळवटतं. पायात अडकवून चढवायचा नाद सोड. दोन्ही टोकांना अडकणारा दोरीचा स्ट्रिंगर वापर, आणि बाण लावण्याआधी दोन्ही पाती सरळ आहेत ना हे समोरून बघ.

आता शिवजयंती. मंडळाला शब्द दिलायस, तो पाळ, पण ५० च्या धनुष्यानं, आणि तेही डॉक्टर हो म्हणाले तरच. कानापर्यंत पूर्ण ओढून, दहा-पंधरा मीटरवर, एकामागून एक सहा बाण एका वितीत लावलेस तर बघणाऱ्याला धनुर्विद्या म्हणजे काय ते कळेल. हनुवटीपाशी थरथरत सुटलेला एक बाण त्याला काही सांगणार नाही. माईकवाल्याला आधीच बजाव की आकडा फुगवून सांगायचा नाही. गर्दीतून कुणीतरी “नुसतं ओढून सोड की” म्हणेलच. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही. माऱ्याच्या मागं पक्की भिंत नाही तर मातीचा बांध हवा, दोन्ही बाजूंना दोर बांधून लोक लांब ठेवायचे, आणि पोरं दोराखालून शिरतात म्हणून दोन कार्यकर्ते फक्त त्याच कामाला ठेवायचे. पेठेतल्या गल्लीत अशी जागा निघत नसेल तर बाण मारायचाच नाही. फक्त धनुष्याची माहिती सांग, बाणासकट ओढ आणि सावकाश परत आण. परत आणणं हे ओढण्याइतकंच अवघड आहे, त्याचा सराव आधीपासून कर.

रोजच्या सरावालाही हाच नियम. गच्चीवरून नाही. उसाच्या फडाच्या दिशेनं तर कधीच नाही, वाढलेल्या उसात माणूस आहे की नाही हे बांधावरून दिसत नाही, आणि जड धनुष्याचा चुकलेला बाण २०० मीटरच्या पुढंही जातो. आठ-दहा मीटरवर, मातीच्या बांधापुढं जाड मारा, एवढं तुला पुढची दोन वर्षं पुरतं. आभाळाकडं बाण सोडून बघायचा मोह होईल, तो आवर.

११० चं धनुष्य विकू नको. दोरी उतरवून, कापडात गुंडाळून, आडवं ठेव. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलंस तर थरांमधला गोंद सुटतो. शिंग आणि तातीचं असेल तर आपल्या पावसाळ्याची दमट हवा त्याला बाधते, प्राण्यांच्या गोंदाचे सांधे ढिले पडतात. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनत त्याचं एक कारण ही हवाच. ती कमी लांब मारत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टिकत. तुझं धनुष्य कशाचं आहे ते बनवणाऱ्याला विचार आणि जूनपासून कोरड्या खोलीत ठेव.

तीन-चार वर्षांनी ते कानापर्यंत येईलही. किंवा तुझं अंग ८५-९० वर थांबेल. सगळ्यांचे सांधे, हाताची लांबी, कंडरा सारख्या नसतात, आणि ८५ चं धनुष्य ३१ इंचांवर नीट मारणारे लोक जगात फार थोडे आहेत. तिथं थांबावं लागलं तर तेच तुझं धनुष्य, आणि ते मोठ्या दिमाखानं मिरव.

आधी खांदा दाखव. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आणि पत्रात दोन आकडे लिहायला विसरू नको, ३१ इंचांवर ५० च्या धनुष्याचा काट्यावरचा ताण आणि तुझ्या बाणाचं ग्रॅममधलं वजन. बाणाची दांडी कोणती घ्यायची ते त्यावरून सांगता येईल.

तुझा,
काका